मरोळ नाक्यावरचे दोन निळे

मुंबईत मरोळ नाक्याला दोन मेट्रो एकमेकींना भेटतात. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या वरून वर्सोवा ते घाटकोपर ही पहिली मेट्रो जाते. ती ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, लांबी ११.४ किलोमीटर, स्थानके १२. त्याच नाक्याच्या खाली, भुयारात, आरे ते कफ परेड ही तिसरी मेट्रो आहे. लांबी ३३.५ किलोमीटर, स्थानके २७, त्यांतले आरेचे तेवढे जमिनीवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत आली, मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात थेट कफ परेडपर्यंत. पहिलीचा रंग निळा. तिसरीचे नाव अ‍ॅक्वा लाइन. तिचा रंग हिरव्याकडे झुकलेला फिका निळा.

घाटकोपरहून सामान घेऊन विमानतळाकडे निघालेल्या माणसाला इथे गाडी बदलावी लागते. तो मोबाइल काढतो. नकाशात मरोळ नाक्याच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढे दोन ठिपके असतात. पडद्यावर ऊन पडलेले असते, मागून गर्दीचा रेटा असतो आणि दोन्ही ठिपके निळे असतात. त्यांतला आपला कोणता, हे त्याला एका नजरेत कळायला हवे. आजच्या व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे: त्या ठिपक्याचा रंग कोणी ठरवायचा, कशावरून ठरवायचा आणि तो बरोबर आहे असे केव्हा म्हणायचे.

वरवर पाहता हे काम पाच मिनिटांचे वाटते. निळी मार्गिका म्हटल्यावर निळा भरला की झाले. पण ज्यांनी हे काम मन लावून केले त्यांना त्यासाठी वर्षे द्यावी लागली आहेत, आणि त्याची सुरुवात शोधायला लंडनला जावे लागते.

लंडनमध्ये भुयारी रेल्वे चालवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या होत्या. १९०८ साली त्यांनी मिळून एक नकाशा काढला आणि मार्गांना वेगवेगळे रंग दिले. तेव्हा रंग म्हणजे मालकीची खूण होती. प्रवाशाची सोय नंतर आली. १९३१ साली हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने भूगोल बाजूला ठेवून केवळ आडव्या, उभ्या आणि पंचेचाळीस अंशांच्या रेघांत सगळे जाळे बसवले. तो सिग्नल विभागात कामाला होता, आणि विजेच्या मंडलांच्या आकृत्या काढण्याची शिस्त त्याच्या हातात होती. जानेवारी १९३३ मध्ये हा नकाशा खिशात मावेल अशा आकारात लोकांच्या हाती गेला. वळणे, अंतरे, रस्ते हे सगळे काढून टाकल्यावर कागदावर उरले दोनच मुख्य आधार: स्थानकांची नावे आणि रेघांचे रंग. त्या दिवसापासून रंगावरचा भार एकदम वाढला.

बेकच्या १९३३ च्या नकाशात बेकर्लू मार्ग लाल होता आणि सेंट्रल नारिंगी. पुढच्याच वर्षी बेकर्लू तपकिरी झाला आणि लाल रंग सेंट्रलकडे गेला. त्या वेळी अशी अदलाबदल चालून गेली. आज लंडनमध्ये सेंट्रल लाइनचा लाल बदलायचा प्रस्ताव कोणी मांडला तर शहर हादरेल, कारण नव्वद वर्षांत तीन पिढ्यांनी तो लाल पाहून घर गाठले आहे. रंग निवडताना तो कोणाचाही असतो. वापरला गेला की तो प्रवाशांचा होतो. व्याख्यानाचा सगळा पुढचा भाग या एका समजुतीवर उभा आहे.

रंग निवडण्यामागची कारणे शहरागणिक निराळी आणि पुष्कळदा जिव्हाळ्याची असतात. लंडनमधली जुबिली लाइन आधी फ्लीट लाइन म्हणून आखली गेली होती; १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव झाला, नाव बदलले आणि १९७९ मध्ये उघडलेली ही मार्गिका चांदीची आठवण म्हणून करड्या रंगाची झाली. अमेरिकेत बॉस्टनने १९६५ साली आपल्या मार्गांना रंगांचीच नावे दिली. हार्वर्ड विद्यापीठाचा गडद लाल ही त्या संस्थेची ओळख, म्हणून तिकडे जाणारी ती रेड लाइन. समुद्राच्या कडेने जाते ती ब्लू. उद्यानांच्या माळेला लागून जाते ती ग्रीन. चौथ्या मार्गासाठी पिवळा सुचवला गेला होता, पण चाचणीत पिवळी अक्षरे नीट वाचता येईनात, म्हणून ती मार्गिका ऑरेंज झाली. मेक्सिको सिटीत १९६९ साली मेट्रो सुरू झाली तेव्हा न वाचता येणाऱ्या प्रवाशांसाठी प्रत्येक स्थानकाला एक चित्र दिले गेले. चापुल्टेपेकला नाकतोडा, पिनो सुआरेझला खोदकामात सापडलेले लहानसे प्राचीन मंदिर. चित्रामागची जमीन मार्गिकेच्या रंगाची. जिथे दोन मार्गिका मिळतात तिथे चित्राची पार्श्वभूमीही दोन रंगांत विभागलेली. नकाशावरचे चिन्ह किती बोलू शकते याचा इतका चांगला नमुना क्वचित सापडतो. महाराष्ट्रात नागपूरने उत्तर-दक्षिण मार्गिकेला नारिंगी रंग दिला. संत्र्यांच्या शहराला तो समजावून सांगावा लागला नसणार.

पण कारण कितीही सुंदर असले तरी नकाशा काढणाऱ्यापुढचा प्रश्न तसाच राहतो. ‘नारिंगी’ म्हणजे नेमका कोणता नारिंगी?

त्याचे उत्तर शोधायला बसलेला माणूस बहुधा पहिली चूक इथेच करतो. तो मेट्रोच्या संकेतस्थळावरून नकाशाची फाइल उतरवतो, रंग उचलण्याचे साधन रेघेवर टेकवतो आणि आलेले आकडे टिपून घेतो. एखादी पिवळी रेघ पुष्कळ मोठी करून पाहिली की यातला धोका डोळ्यांना दिसतो. पडद्यावर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या उजेडाची मापे ० ते २५५ अशा आकड्यांत असतात. समजा, रेघेच्या मध्यावर हे माप २५५, २०४, ० आहे. कडेच्या पिक्सेलमध्ये अर्धी रेघ आणि अर्धा पांढरा कागद मिसळलेला असतो, म्हणून तिथे आकडा येतो साधारण २५५, २३०, १२८. रेघ बारीक असेल तर शुद्ध मध्य असा उरतच नाही, सगळीच कड. त्यात चित्र जेपेग असेल तर आणखी घोळ, कारण जागा वाचवण्यासाठी जेपेग रंगांचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा ढोबळपणे साठवते आणि शेजारच्या रेघेचा लाल पिवळ्यात उतरतो. टिपलेला आकडा तीन पूर्णांकांचा आणि ऐटबाज दिसतो, पण तो मार्गिकेचा नसतो. त्या एका चित्राच्या त्या एका ठिपक्याचा असतो.

दुसरी वाट म्हणजे स्थानकावर जाऊन फलकाचा फोटो काढणे. हे निदान प्रामाणिक वाटते, कारण प्रवासी पाहतो तो फलकच. पण कॅमेरा आपल्या हिशेबाने पांढरा ठरवतो. दुपारचे ऊन, फलाटावरचे एलईडी दिवे आणि जिन्याखालची जुनी ट्यूब या तीन उजेडांत एकच पाटी तीन रंगांची येते. छपाईच्या धंद्यातल्या माणसांना याहून अवघड गोष्ट ठाऊक असते: दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी बनवलेले नमुने खिडकीजवळ अगदी जुळतात आणि दिव्याखाली नेले की वेगळे पडतात. गाडीच्या डब्यावरचा पट्टा, व्हायनिलची पाटी आणि कागदी नकाशा ही तीन निराळी द्रव्ये आहेत, त्यामुळे हा अनुभव मेट्रोत रोजचा. शिवाय उघड्यावरचा फलक उन्हात विटतो. छापील चित्रात गुलाबी आणि पिवळी शाई आधी उडते आणि निळी मागे राहते. रस्त्याच्या कडेची जुनी पोस्टरे निळसर दिसतात ती त्यामुळेच. चार पावसाळे पाहिलेला फलक नमुना म्हणून कसा धरायचा?

तिसरी अडचण छपाई आणि पडदा यांच्या स्वभावातली आहे. ऑफसेटच्या चार शायांतून झगझगीत नारिंगी किंवा जांभळा निघत नाही, पडद्यावर तो सहज दिसतो. उलट चांगल्या चकचकीत कागदावर छापलेली नुसती निळी शाई, जिला मुद्रक सायन म्हणतात, ती नेहमीच्या पडद्याला पूर्णपणे दाखवता येत नाही. अ‍ॅक्वा हा नेमका त्याच भागातला रंग. म्हणजे छापील नकाशावरचा अ‍ॅक्वा जसाच्या तसा मोबाइलवर आणायचा म्हटले तरी काही वेळा ते यंत्राच्या आवाक्याबाहेर असते.

मग ‘बरोबर रंग’ म्हणायचे कशाला? उत्तर एकच टिकते. ज्या सार्वजनिक संस्थेची ती मार्गिका आहे तिने आकड्यांत जाहीर केलेला रंग, आणि कागद, रंगलेप, पडदा अशा प्रत्येक माध्यमासाठी तिने स्वतः ठरवून दिलेले त्याचे रूप. बाकी सगळा अंदाज.

हे करून दाखवणाऱ्यांत लंडनची वाहतूक संस्था अग्रणी आहे. तिच्या रंगमानकात प्रत्येक मार्गिकेला पॅन्टोन क्रमांक आहे, छपाईच्या चार शायांचे प्रमाण आहे, पडद्यासाठी वेगळे आकडे आहेत. सेंट्रलचा लाल म्हणजे पॅन्टोन ४८५, डिस्ट्रिक्टचा हिरवा ३५६, पिकॅडिलीचा गडद निळा ०७२, व्हिक्टोरियाचा आकाशी २९९. अमेरिकेतली ही पॅन्टोन पद्धत १९६३ ची. जर्मनीची राल पद्धत तर १९२७ साली चाळीस रंगांनी सुरू झाली. दोन्हींमागची गरज एकच: न्यूयॉर्कचा छापखाना आणि हॅम्बुर्गचा रंगारी यांना एकमेकांना न भेटता एकाच रंगावर येता यावे.

आणि हे आपल्याकडे नवे आहे असे कोणी समजू नये. भारतीय मानकांच्या यादीत पहिल्या क्रमांकाचे मानक, आयएस १, हे १९५१ सालचे राष्ट्रध्वजाचे मानक आहे. त्यात केशरी रंगाचे वर्णन विशेषणांनी केलेले नाही. रंगमापनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतले आकडे दिले आहेत, ०.५३८ आणि ०.३६०, आणि सोबत उजळतेचे माप. खादी कुठेही विणलेली असो, रंग त्या आकड्यांना उतरला पाहिजे. तयार रंगांसाठीचे आयएस ५ हे मानकही असेच क्रमांकांचे: सिग्नल रेड ५३७, पोस्ट ऑफिस रेड ५३८, गोल्डन यलो ३५६. सरकारी कामाच्या निविदेत रंगाऱ्याला हे क्रमांक दिले की वाद मिटतो. ज्या देशाने आपले पहिले मानक लिहितानाच रंगाला आकड्यात बांधले, त्या देशातल्या प्रत्येक मेट्रोने आपल्या मार्गिकांचे आकडे असेच उघडपणे मांडावेत, ही अपेक्षा मुळीच मोठी नाही.

हे आकडे कुठे ठेवायचे, याचीही सोय आहे. पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांनी २००५ च्या सुमारास वेळापत्रकांसाठी एक साधी फाइलरचना तयार केली. आज ती जीटीएफएस या नावाने जगभर चालते. तिच्यात मार्गांच्या तक्त्यात दोन रकाने आहेत, एक मार्गाच्या रंगाचा आणि दुसरा त्या रंगावर लिहायच्या अक्षरांच्या रंगाचा. दोन्ही ऐच्छिक. रकाना रिकामा ठेवला तर रंग पांढरा आणि अक्षरे काळी धरली जातात. रचनेतच सूचना आहे की काळ्या-पांढऱ्या पडद्यावर पाहिले तरी या दोन रंगांत पुरेसा फरक राहावा. संस्थेने हे दोन रकाने नीट भरले तर शेकडो अ‍ॅपवाल्यांची अडचण एका क्षणात संपते. नाही भरले तर प्रत्येक जण फोटो आणि चित्रे धुंडाळत बसतो आणि एका मार्गिकेचे दहा निळे तयार होतात.

मुंबईत याची गरज जास्त आहे. इथे पहिली मेट्रो एका कंपनीची, दहिसर-अंधेरीच्या पिवळ्या (२अ) आणि लाल (७) मार्गिका दुसऱ्या संस्थेकडे, भुयारी अ‍ॅक्वा तिसरीकडे. प्रवाशाला मात्र प्रवास एकच असतो. त्यात अ‍ॅक्वा नावाची मार्गिका नागपुरात आहे, पुण्यात वनाज ते रामवाडी आहे आणि उत्तर प्रदेशात नोएडालाही आहे. नाव एक म्हणून छटाही एक असली पाहिजे असे नाही. नागपूरचा अ‍ॅक्वा सीताबर्डीला नारिंगीशेजारी उभा राहतो आणि पुण्याचा जिल्हा न्यायालय स्थानकात जांभळ्याशेजारी. शेजार वेगळा तर गरज वेगळी. धोका एवढाच की घाईत काम करणारा एखादा जण एका शहराचे आकडे दुसऱ्या शहराला चिकटवून देतो, आणि मुंबईत त्याच रंगाशेजारी निळा बसलेला असतो.

इथून प्रश्न डोळ्याचा होतो, आणि त्यावर थोडे थांबायला हवे.

माणसाची नजर उजळ-काळोखातला फरक फार बारकाईने टिपते. रंगारंगांतला फरक तितक्या बारकाईने टिपत नाही. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यबिंदूशी निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळपास नसतातच. म्हणून रंगाचा ठिपका फार लहान झाला की निळा आणि हिरवट, पिवळा आणि पांढरा या जोड्यांतला भेद विरत जातो. हा आजार नाही, प्रत्येक निरोगी डोळ्याची ही मर्यादा आहे. भिंतीवरच्या मोठ्या नकाशात निळा आणि अ‍ॅक्वा ठळक वेगळे दिसतात. मोबाइलवरच्या इवल्याशा चिन्हात ते एकमेकांकडे सरकतात ते यामुळे. मोठ्या फलकावर पाहून ‘वेगळे दिसतात ना’ असे म्हणत मंजुरी देणाऱ्या समितीने तोच नकाशा अंगठ्याच्या नखाएवढा करूनही पाहायला हवा.

उपाय उजळतेत आहे. पडद्यावरच्या पांढऱ्याची उजळता १०० धरली तर शुद्ध निळ्याची जेमतेम ७ भरते, शुद्ध लालाची २१, शुद्ध हिरव्याची ७२, हिरवा आणि निळा मिळून होणाऱ्या फिरोजीची ७९ आणि पिवळ्याची ९३. निळा गडद ठेवला आणि अ‍ॅक्वा उजळ ठेवला, तर ठिपका कितीही लहान झाला तरी एक काळपट आणि एक फिका असा भेद उरतो. पण दोन्ही रंग ‘जरा आकर्षक’ करण्याच्या नादात निळा उजळ केला आणि अ‍ॅक्वा गडद केला, की हातातला एकमेव आधार गेला. लंडनला हा अनुभव जुना आहे. तिथे व्हिक्टोरिया लाइनचा पहिला टप्पा १९६८ च्या सप्टेंबरात उघडला, तेव्हा गडद निळी पिकॅडिली आधीपासून होती आणि नवी मार्गिकाही निळीच झाली, पण आकाशी. फिन्सबरी पार्क, किंग्ज क्रॉस आणि ग्रीन पार्क अशा तीन ठिकाणी हे दोन निळे भेटतात. फिन्सबरी पार्कला तर एका फलाटाच्या दोन बाजूंना. तरी गल्लत होत नाही, कारण उजळतेतले अंतर सगळीकडे राखले गेले आहे.

चिन्ह कशाच्या शेजारी बसते यालाही महत्त्व आहे. पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात रंगाईचे काम पाहणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती की काळा धागा पुरेसा काळा उतरत नाही. त्यांनी तपासले तेव्हा धाग्याचा रंग ठीक निघाला. शेजारच्या रंगांमुळे तो फिका भासत होता. त्यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणला की शेव्रल आठवतात, कारण मोबाइलच्या नकाशात समुद्र फिका निळा असतो आणि अ‍ॅक्वा मार्गिका कफ परेडपासून वरळी, माहीमपर्यंत त्या समुद्राच्या जवळून जाते. कफ परेडचे चिन्ह जवळजवळ पाण्याच्या रंगातच पडते. तिथे रंग बदलण्याचे काही कारण नाही. रेघेला आणि चिन्हाला बारीक पांढरी किनार दिली की ते उठून दिसते. रात्रीच्या काळ्या नकाशावर अडचण उलटी होते. अ‍ॅक्वा खुलतो, गडद निळा बुडतो, आणि लंडनची नॉर्दर्न लाइन, जिचा रंगच काळा आहे, ती किनार नसेल तर पूर्णपणे नाहीशी होईल.

पिवळ्याचे दुखणे दिवसाचे. शुद्ध पिवळ्यावर पांढरी अक्षरे लिहिली तर दोघांच्या उजळतेचे प्रमाण सुमारे १.०७ ला १ इतकेच येते. संकेतस्थळे सर्वांना वाचता यावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक अक्षरांना किमान ४.५ ला १ आणि चिन्हांना ३ ला १ मागतो. त्याच पिवळ्यावर काळी अक्षरे लिहिली तर प्रमाण १९ च्या पुढे जाते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत जवळजवळ सगळ्या रंगीत गोळ्यांवर पांढरी अक्षरे आहेत, पण ब्रॉडवेखालून जाणाऱ्या पिवळ्या मार्गांच्या एन, क्यू, आर, डब्ल्यू या गोळ्यांवर ती काळी आहेत. आपल्या २अ मार्गिकेच्या चिन्हाला हा धडा तसाच लागू पडतो. सगळी चिन्हे एकसारखी दिसावीत म्हणून पिवळ्यावरही पांढरा आकडा लिहिणे ही चुकीची समानता आहे.

टोकियोची तोड सर्वांत पटणारी. तिथे दोन संस्थांच्या मिळून तेरा भुयारी मार्गिका आहेत. २००४ साली दोघींनी मिळून स्थानकांना क्रमांक दिले आणि प्रत्येक मार्गिकेचे चिन्ह म्हणजे पांढऱ्यावर एक जाड रंगीत कडे आणि आत गडद अक्षर. गिन्झा मार्गिका नारिंगी कड्यात जी, मारुनोउची लाल कड्यात एम, ओएदो किरमिजी कड्यात ई. गिन्झा स्थानक म्हणजे जी ०९. अक्षर नेहमी पांढऱ्यावरच असल्याने कड्याचा रंग पिवळा असो की काळपट, वाचण्यात फरक पडत नाही, आणि रंग सौम्य करण्याची किंवा काळा करण्याची वेळच येत नाही. रंग आपल्या जागी खरा राहतो, वाचण्याचे काम अक्षर करते. दोन स्वतंत्र संस्थांना एकत्र बसून हे जमले, ही गोष्ट मुंबईने विशेष ध्यानात घ्यावी.

रंग मुळात किती पुरतात? केनेथ केली या अमेरिकी रंगशास्त्रज्ञाने १९६५ साली एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळ्या अशा बावीस रंगांची क्रमवार यादी केली. तिच्यातले पहिले नऊ रंग असे निवडले की लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या माणसालाही ते वेगळे ओळखता यावेत. म्हणजे नवाच्या पुढे गेलो की सगळ्यांना सामावून घेणे अवघड. दिल्ली या सीमेला कधीच भिडली आहे. २५ डिसेंबर २००२ पासून प्रवासी घेऊ लागलेली पहिली मार्गिका लाल, मग पिवळी, निळी, हिरवी, जांभळी, विमानतळाची नारिंगी, २०१७ मध्ये मजेंटा, २०१८ मध्ये गुलाबी, २०१९ मध्ये करडी. कालकाजी मंदिरला जांभळा आणि मजेंटा भेटतात, लाजपत नगरला जांभळा आणि गुलाबी. एका कुळातले तीन रंग एकमेकांच्या वाटेत आले आहेत. एरोसिटी ते तुघलकाबाद या नव्या मार्गिकेचे नाव आधी सिल्व्हर ठेवले होते, ते पुढे गोल्डन केले गेले, आणि हा बदल योग्यच झाला. स्टीलच्या डब्यावर चंदेरी पट्टा दिसणार कसा, आणि नकाशावर तो करड्यापासून वेगळा कसा काढणार? दिल्लीने राजीव चौकात जमिनीवर उमटवलेली रंगीत पावले मात्र फार चांगली कल्पना आहे. माणूस वर पाटी शोधत नाही, पिवळ्या पावलांवरून चालत जातो.

लंडनने रंग संपल्यावर वेगळा रस्ता काढला. तिथल्या ओव्हरग्राउंड गाड्यांचे सगळे जाळे एकाच नारिंगी रंगाचे होते. २०२४ मध्ये त्याचे सहा मार्ग करून त्यांना लायनेस, मिल्डमे, विंडरश, वीव्हर, सफ्राजेट आणि लिबर्टी अशी नावे दिली गेली आणि पिवळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, करडा असे रंग. हे रंग भुयारी मार्गांकडे आधीच आहेत. तेव्हा ओव्हरग्राउंडच्या रेघा पूर्वीसारख्या दुहेरीच ठेवल्या, मध्ये पांढरी फट असलेल्या. रेघेच्या घडणीने रंगाचे ओझे उचलले.

हे ओझे सर्वांवर सारखे नसते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरातल्या सुमारे आठ जणांना लाल-हिरव्याची ओळख कमजोर असते. इतर समाजांत प्रमाण कमी आढळते, तरी गर्दीच्या गाडीत अशी माणसे नेहमीच असतात. गंमत अशी की रंगदृष्टीची तपासणी रेल्वेमुळेच रूढ झाली. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडाजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर होल्मग्रेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने रंगीत लोकरीच्या लडी जुळवायला लावून रेल्वे कर्मचाऱ्यांची परीक्षा घेण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडेही लोको पायलटला रंगदृष्टीची चाचणी द्यावी लागते. प्रवाशाची अशी चाचणी कोणी घेत नाही आणि घेऊही नये. म्हणूनच नकाशाने त्याची काळजी घ्यायची. लंडनमध्ये भुयारी रेल्वेचा काळा-पांढरा नकाशाही मिळतो, त्यात रेघांच्या नक्षीवरून मार्ग ओळखायचे असतात. प्रत्येक शहराने आपला नकाशा असा एकदा रंगाविना छापून पाहावा. जिथे मार्ग सापडेनासा होतो तिथे आकडा किंवा अक्षर कमी पडले आहे, हे लगेच कळते.

या सगळ्यातून मुंबईसाठी निघणारे काम फार मोठे नाही. सगळ्या मेट्रो संस्थांनी मिळून एक पानी तक्ता करावा. प्रत्येक मार्गिकेपुढे तिचा क्रमांक, छपाईसाठीचे आकडे, रंगलेपाचा क्रमांक, पडद्यासाठीचे आकडे, वर लिहायच्या अक्षराचा रंग आणि काळ्या पार्श्वभूमीवर वापरायची किनार, एवढे रकाने पुरतात. तक्ता मराठी आणि इंग्रजीत, कोणालाही उतरवून घेता येईल असा. एखादा आकडा बदलला तर तारखेसह बदल नोंदवावा आणि जुनी प्रत काढून टाकू नये, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्या विद्यार्थ्यालाही कळेल की फरक कुठून आला. चिन्हावर रंगाबरोबर मार्गिकेचा आकडा कायम असावा; २अ, ३, ७ हे आकडे लोकांच्या तोंडी आहेतच. लांबवलेल्या मार्गिकांना मूळचाच रंग देण्याचे धोरण, जसे ७ आणि ९ दोन्ही लाल, २अ आणि २ब दोन्ही पिवळ्या, हे शहाणपणाचे आहे आणि तसेच चालू ठेवावे.

तक्ता आत्ता व्हायला हवा, कारण हिरवी मेट्रो ४, नारिंगी मेट्रो ५ आणि गुलाबी मेट्रो ६ यांची कामे चालू आहेत. गुलाबी मार्गिका जोगेश्वरीला लाल मार्गिकेला छेदून विक्रोळीकडे जाणार आहे. लाल आणि गुलाबी हे एका घरातले रंग. गुलाबी पुरेसा उजळ धरला नाही तर लहान चिन्हात दोघे एकमेकांत मिसळतील, आणि फार उजळ धरला तर पांढऱ्या कागदावर तोच फिका पडेल. दोन्हींच्या मधली जागा कुठे आहे, ते चार-पाच छटांचे नमुने काढून, नखाएवढे छापून, उन्हात आणि ट्यूबखाली धरून, रंगदृष्टी कमजोर असलेल्या काही प्रवाशांना दाखवून ठरवता येईल. हे सगळे एका आठवड्याचे काम आहे. फलकांची छपाई सुरू होण्याआधी तो आठवडा काढावा.